त्र्याहत्तर सालचं कार्ड

जानेवारी लागला की सगळं जग नवीन कॅलेंडर मागत फिरतं. बोरखेडीचा कडूबा हिवाळे जुनं मागत फिरायचा. तेही भिंतीवरचं नाही, खिशातलं. जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं तेव्हा एक टूम काढली होती. दर वर्षी दुकानदारांना, शेतकऱ्यांना आणि प्लॉटवर कामाला येणाऱ्या बायकांनासुद्धा प्लॅस्टिकचं एकेक कार्ड वाटायचं. आकार पत्त्यांतल्या पानाएवढा. एका बाजूला कपाशीचं फुटलेलं बोंड, दुसऱ्या बाजूला वर्षाचे बारा महिने मुंगीएवढ्या आकड्यांत. पौर्णिमेला गोल आणि अमावस्येला काळा ठिपका. साल सरलं की कार्ड निकामी. मग बाया त्यानं कढईला लागलेलं खरवडायच्या, नाहीतर ते कुठंतरी कोनाड्यात पडून राहायचं.

"साल सरलं ना? मंग आता काय करता ठिवून? मला द्या," असं म्हणत कडूबा दारात उभा राहायचा.

"तुला कशाला रे गेलेलं साल?"

"साल तुमच्यापाशी ठिवा. मला निस्तं पलास्टिक द्या."

लोक हसायचे आणि द्यायचे. कारण कडूबाला काही नाकारलं तर तो जात नसे. तिथंच उंबऱ्यावर बसून तुमच्या बादलीकडे, पावडरच्या डब्याकडे, चपलेच्या अंगठ्याकडे असं काही टक लावून बघत राहायचा की त्यापेक्षा एक जुनं कार्ड दिलेलं परवडायचं.

दिवसा तो बियाण्याच्या प्लॉटवर राखणदार होता आणि उरलेला सगळा वेळ बेंजोवाला. बेंजो म्हणजे आपल्याकडच्या गायन पार्ट्यांत असतो तो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. नखी म्हणजे प्लॅस्टिकचा एक तिकोनी तुकडा, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा. माणसं बेंजोवाल्याची बोटं बघतात, पेटीवरची नक्षी बघतात. नखीकडे कुणाचं लक्ष जात नाही. कडूबाचंही गेलं नव्हतं. पण एका लग्नात ऐन वरातीपुढं त्याची विकतची नखी मधोमध मोडली आणि त्यानं घाईघाईनं बायकोच्या कंगव्याची पाठ कापून वेळ मारून नेली. बायकोनं, म्हणजे बेबीनंदानं, आठ दिवस अबोला धरला. कडूबाला तो अबोला कळलासुद्धा नाही. तो वेगळ्याच विचारात पडला होता. कंगव्यानं बेंजो वेगळा कसा काय बोलला? तार तीच, हात तोच, गाणं तेच!

झालं, तिथून जे खूळ लागलं ते लागलं. त्या काळात गावात प्लॅस्टिक नवीनच येत होतं. मातीच्या घागरीशेजारी एखादी लाल बादली दिसायची, काचेच्या बांगड्यांत एखादी प्लॅस्टिकची. लोकांना त्यातला रंग दिसायचा, कडूबाला आवाज ऐकू यायचा. साबणाच्या डबीची नखी कर्कश. बादलीच्या कानाची बोथट, तारेवर लोळल्यासारखी. दात घासायच्या ब्रशच्या दांडीची बरी, पण लवकर झिजणारी. जालन्याच्या दवाखान्यातून कुणीतरी छातीचा फोटो काढून आणला होता. त्या माणसाला बरं वाटल्यावर कडूबानं त्या फोटोचीही नखी केली. ती फारच पातळ निघाली. कोणतं प्लॅस्टिक कोणत्या जातीचं, हे तो वाकवून, दातानं चावून आणि एक कोपरा काडेपेटीच्या काडीनं जाळून ओळखायचा. कंगवा जळताना कापरासारखा वास येतो, हे त्यानं एकदा सबंध पारावर पटवून दिलं होतं आणि त्यात कुणाचातरी चांगला कंगवा गेला होता. "कडूबा आला, बादल्या आत घ्या," अशी आरोळी गल्लीत उठायची ती उगाच नव्हे.

करायची पद्धतही त्यानं स्वतःच बसवली होती. कात्रीनं तिकोन कापायचा, टोक पिंपळपानासारखं निमुळतं करायचं. मग पाट्यावर थोडं पाणी टाकून कडा घासायच्या. शेवटी चुलीतली राख आणि गोड्या तेलाचा थेंब घेऊन चिंधीनं इतकं चोळायचं की ओठावरून फिरवलं तरी कड लागू नये. एका नखीला अर्धा दिवस. राखणदाराला वेळच वेळ असतो, हे खरं. पण रिकामा वेळ पुष्कळांना असतो, त्यातून नखी काही निघत नाही.

आता हे सगळं नुसत्या खुळापायी चाललं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण शहात्तर सालच्या पावसाळ्यात त्याला एक कारण मिळालं. ते कारण म्हणजे चांगुणाबाई.

चांगुणाबाई त्याची आत्या आणि सासूसुद्धा. आत्याचीच लेक त्याला दिलेली. त्यामुळे एरवी ती त्याला कडू म्हणायची आणि रागावली की जावईबापू. साठी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, आलेला. प्लॉटवरचं काम दोन वर्षांपूर्वीच सुटलं होतं, कारण तिला आता कपाशीची कळी दिसत नव्हती. पण गळा शाबूत होता. अक्षराची ओळख नसलेल्या या बाईनं बाबासाहेबांवर, पंचशीलावर, खडी फोडण्यावर, लेकीच्या शाळेवर मिळून किती गाणी जोडली असतील याचा हिशेब कुणाकडे नव्हता. आवाज जात्यावर तयार झालेला. गोड, पण घरातल्या चार माणसांना ऐकू जाईल एवढाच.

गावात लोकांनी स्वतः दगड वाहून बुद्धविहार बांधला होता. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, त्याचं उद्घाटन ठरलं. विहाराच्या पायाचा पहिला दगड चांगुणाबाईनं डोक्यावर आणलेला, म्हणून पहिलं गाणं तिनं म्हणावं असं सगळ्यांचं मत. एकट्या धर्मराज मास्तरांचं नव्हतं. धर्मराज मास्तर म्हणजे गायन पार्टीचे पुढारी. पेटी वाजवायचे, गाणी बांधायचे आणि शाळेत शिकवायचे; तिन्ही ठिकाणी हातात छडी असल्यासारखे बोलायचे.

रविवारी दुपारी विहारातच तालीम झाली. चांगुणाबाई एक गाणं म्हणाली. मास्तरांनी मागच्या भिंतीपाशी जाऊन ऐकलं आणि ते मान हलवत परत आले.

"आत्याबाई, तुमचं गाणं तुमच्या तोंडातच राह्यतं. लोकं म्हणतील बाई निस्तं तोंड हालवून राह्यली."

"माझा आवाज जातो तेवढाच जातो, मास्तर," चांगुणाबाई म्हणाली. "ह्या कडूच्या बाजाखाली दबतो त्याला मी काय करू?"

सगळ्यांनी कडूबाकडे पाहिलं. हळू वाजव म्हणावं तर तो हळूच वाजवत होता. खोट निराळीच होती. तार बोलायच्या आधी नखी बोलायची, टिक् टिक् टिक्, आणि प्रत्येक टिक् नेमकी आत्याच्या शब्दावर पडायची. कडूबाला ते आता पहिल्यांदाच ऐकू आलं आणि त्याचे कान गरम झाले.

मास्तरांनी निकाल दिला. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं. मागच्या भिंतीपाशी शब्द न् शब्द ऐकू आला तर चांगुणाबाई म्हणेल, नाहीतर मंठ्याची उषाबाई येईल. तिचा आवाज ठणठणीत होता. चांगुणाबाई पदर सावरत, भिंत चाचपत घरी गेली. म्हातारं माणूस भांडलं की बरं वाटतं. गप्प बसलं की कसंतरीच होतं.

कडूबाच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. टिक् न करणारी नखी त्याला माहीत होती. एकदाच झाली होती तशी. त्र्याहत्तर सालच्या कार्डाची. त्या साली कंपनीनं कार्डं दुसरीकडून करून घेतली असावीत. पिवळट, जरा जाड, तरी लवचीक. तारेवरून ती नखी आवाज न करता निसटायची आणि नुसता सूर मागे राहायचा. ती केव्हाच झिजून संपली होती. आता दुसरं कार्ड पाहिजे.

तो आठवडाभर हिंडला. जाफराबादच्या बाजारात दुकानदुकान विचारलं. एका पाहुण्याकडून घनसावंगीलाही निरोप धाडला. चौऱ्याहत्तरची कार्डं मिळाली, पंच्याहत्तरची ढीगभर मिळाली. त्र्याहत्तरचं नाही. दुष्काळाचं साल ते. गावच्या गाव खडी फोडायला गेलं होतं. ते साल जपून ठेवावं असं कुणाला वाटलं असणार?

शुक्रवारी तो आत्याकडे शेंगा द्यायला गेला. आत्या घरात नव्हती. शेंगा ठेवायला कोनाड्यात हात घातला तर आरशामागे बोटांना काहीतरी लागलं. ओढून पाहिलं. पिवळट, जाड, कपाशीचं बोंड. त्र्याहत्तर!

कडूबाला इतका आनंद झाला की तो तिथंच हसला. कार्ड उजेडात धरलं. त्याला सुईनं पाडावीत तशी बारीक भोकं होती. कुठं एक, कुठं ओळीनं तीन, कुठं दोन-दोन. चाळीसेक असतील. त्यानं ती पाहिली आणि, मला हे लिहितानासुद्धा हसावं की रडावं कळत नाही, त्यानं एकच विचार केला: भोकांमुळे नखी घामात सरकणार नाही. बास. जो माणूस तुटक्या बादलीला शंभर प्रश्न विचारायचा त्यानं या भोकांना एकही विचारला नाही. आत्याला विचारायचं तर ती घरात नव्हती. आणि गेलेल्या सालाच्या कार्डाबद्दल काय विचारायचं असतं? तो ते खिशात घालून प्लॉटवर गेला. संध्याकाळपर्यंत कार्डाच्या पाच नख्या कापून झाल्या होत्या.

रविवारी तालीम झाली. कडूबानं नवीन नखी धरली, तारेवरून फिरवली, आणि टिक् गेलेली होती. बेंजो एकदम शहाण्यासारखा मागे उभा राहिला. चांगुणाबाईचा आवाज बाहेर आला तो सरळ मागच्या भिंतीला जाऊन लागला. मास्तरांनी भिंतीपाशी उभं राहून हात वर केला, म्हणजे ऐकू येतंय. उषाबाईबरोबर मंठ्याहून भुजंग नावाचा बेंजोवाला आला होता. त्यानं उठून कडूबाची नखी हातात घेऊन उलटीपालटी केली. "कशाची रे ही? मला दे एखादी." कडूबानं फुशारकीनं पाचातली एक त्याच्या खिशात घातली. आणि चांगुणाबाईनं आपल्या जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "कडू, लेका, शिकला रे तू," म्हणाली. त्या दिवशी कडूबाएवढा सुखी माणूस पंचक्रोशीत नव्हता.

सोमवारी सकाळी बेबीनंदा धावत आली. आईनं सगळं घर उलथंपालथं केलंय, म्हणाली, काहीतरी हरवलंय. कडूबा लगेच निघाला. शोधायला म्हणून! खिशात चार नख्या घेऊन.

चांगुणाबाई जमिनीवर बसून हातानं माती चाचपत होती. सगळी भांडी खाली काढलेली.

"काय हरवलं, आत्या?"

"कार्ड रे. कोनाड्यात आरशामागं व्हतं. बोंड हाय त्याच्यावर. भोकं पाडलेली हायेत."

कडूबाला क्षणभर वाटलं, माहीत नाही म्हणावं. मग खिशात हात घालून त्यानं चारही नख्या तिच्या तळहातावर ठेवल्या.

तिनं त्या बोटांनी चाचपल्या. एक. दुसरी. भोकावर बोट थांबलं.

"ही माझी गाणी व्हती, जावईबापू," ती म्हणाली.

मग हळूहळू ते कळलं. खडीच्या कामावर तिला गाणी सुचायची, कधी एखादं, कधी एका दिवसात दोन. लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्याला लिही म्हणायला लाज वाटायची. म्हणून ज्या दिवशी गाणं जुळलं त्या दिवसावर सुईनं भोक पाडायचं. पौर्णिमेचा गोल आणि अमावस्येचा ठिपका यांच्यापासून घरं मोजून ती दिवस ओळखायची. तेव्हा डोळे होते. पुढे डोळे गेले तरी बोट होतं. बोट भोकावर ठेवलं की तो दिवस आठवायचा, कोण शेजारी बसलं होतं, भाकरीबरोबर काय होतं, आणि त्या दिवसातून गाणं निघायचं. चाळीस भोकं, चाळीस गाणी. विहारात म्हणायचं गाणं तिनं अजून तालमीतही म्हटलं नव्हतं. ते खास त्या दिवसासाठी ठेवलं होतं आणि काल रात्री बोटानं एकदा उजळावं म्हणून तिनं कार्ड शोधायला घेतलं होतं.

"कोणत्या महिन्यातलं?" कडूबानं विचारलं.

"मे. पुनवेच्या अलीकडचं दुसरं घर."

कडूबानं नख्या पाहिल्या. चारांत मे महिना नव्हता. तो भुजंगाच्या खिशात मंठ्याला गेला होता.

मंगळवारी पहाटेच्या एसटीनं तो जालन्याला गेला, तिथून मंठ्याला. भुजंग भला माणूस. त्यानं आधी चहा पाजला आणि मग सांगितलं की नखी सदऱ्याच्या वरच्या खिशात होती आणि काल विहिरीतून पाणी ओढताना वाकलो तशी ती आत पडली. कडूबा विहिरीच्या काठावर जाऊन बराच वेळ खाली बघत बसला. पाणी चांगलं चार पुरुष होतं. भुजंगाला कळेना की प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी माणूस एवढा का बसलाय, आणि कडूबाला ते सांगवेना.

परत आल्यावर त्यानं प्लॉटवरचा उकिरडा चाळून कार्डाच्या उरलेल्या कातरी गोळा केल्या. एका फळीवर डिंकानं एकेक तुकडा जिथल्या तिथं बसवला. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सगळं जुळलं. जूनपासून डिसेंबरपर्यंतही जवळजवळ जुळलं. मधे तिकोनी खड्डा राहिला. फळी घेऊन तो आत्याकडे गेला. ती फळीवर बोट फिरवू लागली, आणि ओठ हलू लागले. एक गाणं आलं, दुसरं आलं. बेबीनंदानं हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकलं. मग बोट खड्ड्यात गेलं आणि थांबलं. तिनं ते मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. नुसतं लाकूड लागत होतं.

"त्या दिवशी काय झालं व्हतं, कडू?" तिनं विचारलं. "तू बी व्हता ना खडीवर. काही सांग त्या दिवसातलं, म्हंजी यीन मला."

कडूबा होता. तिच्यापासून दहा हातांवर, दगड फोडत. त्यानं डोक्याला ताण दिला. त्याला मुकादमाच्या शिट्टीचा आवाज आठवला, पाण्याच्या टाकीचा रंग आठवला, घणाचा दांडा कोणत्या लाकडाचा होता तेही आठवलं. आत्या काय म्हणत होती ते आठवेना. त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. एवढा लाजलेला तो आयुष्यात कधी नव्हता.

"म्हणू दे मंग उषालाच," चांगुणाबाई म्हणाली आणि फळी बाजूला ठेवली. "दुसरं म्हणून मी उभी न्हाई राह्यची. दगड ठिवला तवाच ठरवलं व्हतं, हेच म्हणीन."

दसऱ्याला पाच दिवस उरले होते. कडूबा प्लॉटवर गेला आणि गोजरबाईसमोर जाऊन उभा राहिला. गोजरबाई आणि साळूबाई दोघी खडीच्या कामावर चांगुणाबाईच्या शेजारी बसायच्या आणि आता प्लॉटवर कळ्या सोलायच्या. त्यानं सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा.

"मे महिन्यात तिनं काय म्हणलं व्हतं, आठवतं का?"

गोजरबाईनं हातातलं काम न थांबवता त्याच्याकडे पाहिलं. "असं इचारून येतंय व्हय रे गाणं? मी काय रेडिओ हाय का, कान पिळला की वाजायला?"

"मंग कसं येतं?"

"हात चालू लागले की येतं. कोणतं कवा यीन ते आमच्या हातात न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "तिलाच आण की इथं. दोन साल झाले, प्लॉटवर दिसली न्हाई आमाला."

"तिला कळी दिसत न्हाई."

"कळी काय दिसायला पायजे? हाताला लागती."

दुसऱ्या दिवशी दुपारी कडूबा आत्याला हाताला धरून प्लॉटवर घेऊन आला. कशाला ते सांगितलं नाही. गोजरबाईनं बोलावलंय एवढंच म्हणाला. कपाशी कमरेएवढी झालेली. बायका ओळीनं उभ्या होत्या. उद्या फुलणारी कळी आज दुपारी धरायची, नखानं सोलायची, आतले पराग काढून टाकायचे आणि वर लाल कागदाची पिशवी चढवायची. सकाळी येऊन त्यावर नराचं फूल फिरवायचं. साळूबाईनं चांगुणाबाईच्या हातात पहिली कळी दिली. म्हातारीनं ती बोटांत फिरवली, टपोरी आहे की नाही पाहिलं, आणि एका नखात सोलली. "आगं, हिला तर येतंय अजून!" साळूबाई ओरडली. चांगुणाबाई हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

कडूबाही ओळीत उभा राहिला. राखणदारानं बायकांचं काम करावं यावर बराच वेळ हसं झालं. त्याच्या पहिल्या चार कळ्या फुकट गेल्या. "हळू रे, कळी हाय ती, कंगवा न्हाई," गोजरबाई म्हणाली. मग बोलणं कमी होत गेलं. ऊन मऊ झालं. हात आपोआप चालू लागले आणि कुणीतरी एक गाणं धरलं, ते संपलं, दुसरं निघालं. ही मास्तरांची गाणी होती, नाहीतर लग्नातली. कडूबा प्रत्येक शब्द ऐकत होता. तारा नाहीत, पेटी नाही. त्यानं नुसत्या बायका अशा पूर्वी कधी ऐकल्याच नव्हत्या. दोन वर्षं तो याच प्लॉटवर राखण करत होता.

तिसऱ्या ओळीच्या शेवटाशी गोजरबाई स्वतःशीच गुणगुणली. साळूबाईनं ते उचललं. मग पलीकडच्या दोघींनी.

"खडीच्या ढिगावर, ऊन लागलं तापाया,
भीमाची गं लेखणी, आली सावली धराया..."

कडूबाचा हात थांबला. खडीचं गाणं! त्यानं मान वळवून आत्याकडे पाहिलं. तिचेही हात थांबले होते. तोंड जरासं उघडं, मान कलती. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण ओळखीचं काही नव्हतं. कुणा दुसऱ्याचं चांगलं गाणं ऐकावं तसं ती ऐकत होती. बायका पुढचं कडवं म्हणाल्या, त्याच्या पुढचं म्हणाल्या. एकीला एक शब्द येई, दुसरीला दुसरा. कुठं तरी वाद झाला, तो गाण्यातच मिटला. गाणं संपलं.

"लई चांगलं हाय गं," चांगुणाबाई म्हणाली. "कोणाचं हे?"

साळूबाईनं खाली पाहिलं. कडूबाला वाटलं, आता आपल्यालाच सांगावं लागणार.

"तुझंच हाय, चांगुणे," गोजरबाई म्हणाली. "खडीवर तूच जोडलं व्हतं, मे महिन्यात, बुद्धपुनवेच्या दोन दिस आधी. आमी तवापासून म्हणून राह्यलो."

चांगुणाबाई रडेल असं कडूबाला वाटलं. तिनं डोळे पुसले नाहीत, कपाळाला हात लावला नाही. झाडात हात घालून पुढची कळी चाचपली, ती सापडली, धरली.

"मंग म्हण गं पुन्यांदा," ती म्हणाली. "हळू म्हण. चार दिवसांत पाठ व्हायला पायजे मला."